अंतर सारखं असलं तर मशीन

लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड होतो म्हणजे नेमकं काय होतं? माइकमधून येणारी लाट सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमापाचा एक आकडा फाइलमध्ये लिहिला जातो. एवढंच. २४ बिटचा एक आकडा म्हणजे तीन बाइट. एका माइकचे सेकंदाला १,४४,००० बाइट, मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर, तासाला साधारण अर्धा जीबी. दहा वर्षं जुनी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला याच्या कित्येक पट लिहिते. कॉम्प्युटरच्या हिशेबात हे काम म्हणजे चहा गाळण्याइतकं सोपं.

तरीही माझ्या लॅपटॉपवर आजीचा आवाज तुटत होता. छान चाललेलं असताना मध्येच 'टक्'. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा 'टक्'.

हा लेख त्या 'टक्'बद्दल आहे. आणि थोडा माझ्या पप्पांबद्दल, ज्यांना तो 'टक्' ऐकूच येत नाही.

*

आम्ही भिवंडीत नारपोलीला राहतो. भिवंडी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, गोदामं आणि ट्रॅफिक. तुमच्या ऑनलाइन ऑर्डरवर 'भिवंडी हब' असं लिहिलेलं असतं ती गोदामं शहराच्या कडेकडेनं आहेत. नारपोली त्याच्या आधीची भिवंडी आहे, यंत्रमागांची. इथे घराच्या खाली, बाजूला, मागे कारखाना असतो आणि कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं लावलेले लूम. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला वीज गेली की जाग येते, कारण आवाज थांबतो.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो बहुतेकांसाठी कधी संपलाच नाही. त्यानंतर आमचं घर लालबागच्या चाळीतून इथे आलं. पप्पा पुढे जॉबर झाले. जॉबर म्हणजे लूमचा मेकॅनिक. विणणारा कामगार वेगळा. लूम बिघडला, कापडात दोष यायला लागला, की जॉबरला हाक मारतात. तीस वर्षं पप्पांनी हेच केलं.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत नोकरीला लागले. आता २८ वर्षांची आहे. माझं कामही तसं जॉबरचंच. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बिघाड आला की मला हाक मारतात.

आजी ८४ वर्षांची आहे. मूळची पाटण तालुक्यातली. तिला ओव्या येतात हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, पण 'माहीत असणं' म्हणजे घरात पंखा आहे हे माहीत असण्यासारखं. मग मी एकदा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाबद्दल वाचलं. १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं सुमारे १२० तासांचं रेकॉर्डिंगही झालं. हा ठेवा आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. ट्रेनमध्ये हेडफोन लावून मी त्यातल्या बायकांचे आवाज ऐकत होते आणि वाटलं, अरे, ही चाल तर आपल्या स्वयंपाकघरातली आहे.

गावच्या घरातलं लहान जातं आम्ही लग्नकार्यासाठी इथे आणून ठेवलं होतं. ते बाहेर काढलं. रिकामं जातं फिरवायचं नाही म्हणून आजीनं मूठभर तांदूळ घेतले. जातं फिरायला लागलं आणि ती गायला लागली. जातं नसलं तर तिला चार ओव्यांच्या पुढे आठवत नाही. हाताला आठवतं, तोंड मागून येतं.

*

पहिली काही रेकॉर्डिंग फोनवर केली. त्यात 'टक्' नव्हता, पण वेगळीच गंमत होती. ओवीच्या शेवटी आजी स्वर लांबवते. तीन-चार सेकंद एकच सूर, न हलता. फोनमध्ये तो सूर सुरू व्हायचा, मग बारीक बारीक होत विरून जायचा. आजी तर शेवटपर्यंत दमदार गात होती, मी समोरच बसले होते.

कारण समजायला वेळ लागला नाही. फोन आणि लॅपटॉपच्या माइकमागे बहुतेक वेळा गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर चालू असतं. ते कॉलसाठी बनवलेलं असतं. त्याचा ठोकताळा साधा आहे. जो आवाज सतत बदलतो तो माणसाचं बोलणं, जो आवाज एकसारखा टिकून राहतो तो पंखा किंवा एसी. त्यामुळे एकसारखं काही ऐकू आलं की ते त्याला हळूहळू दाबायला लागतं. आजीचा लांबवलेला सूर त्याच्या लेखी पंखा होता. आणि लूमचा खटका? तो अचानक येतो, अचानक जातो. म्हणून तो बोलण्यात जमा. थोडक्यात, आजी कापली जात होती आणि लूम राहत होता.

हे तुमच्या फोनमध्येही करून बघा. घरच्या कुणाला तंबोऱ्यासारखा एकच सूर धरायला सांगा आणि व्हिडिओ कॉलवरून दुसऱ्याला ऐकायला लावा.

इलाज सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ही 'सुधारणा' बंद करता येते, किंवा माइक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये वेगळा ऑडिओ इंटरफेस लावता येतो. म्हणजे एक छोटा डबा. माइकची वायर त्यात जाते आणि त्यातून यूएसबीची वायर लॅपटॉपमध्ये. आमच्या गल्लीत एक मित्र रॅप करतो. त्यानं त्याचा डबा, माइक आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सगळंच सेटअप करून दिलं. लॅपटॉप माझा कॉलेजातला, आठ जीबी रॅमचा.

आवाज इतका स्वच्छ आला की आजी श्वास घेताना तिच्या बांगड्यांचा आवाजही कळत होता. आणि त्या स्वच्छ आवाजात 'टक्'.

*

सुरुवातीला घरात सगळ्यांनी लूमवर बोट ठेवलं. नारपोलीत राहून खटका ऐकू आला तर दुसरं काय वाटणार? पण आमच्या गल्लीतले कारखाने शुक्रवारी बंद असतात. एका शुक्रवारी पहाटे रेकॉर्ड केलं. सगळीकडे शांत. 'टक्' तिथेच. म्हणजे तो आवाज खोलीत नव्हताच. तो लॅपटॉपच्या आत तयार होत होता.

त्या शुक्रवारच्या रेकॉर्डिंगमध्ये आजीनं एक ओवी म्हटली. त्यात एका बाईचं नाव आलं. तिची आजी, म्हणजे माझी खापरपणजी. आणि नेमका त्या नावाच्या पहिल्या अक्षरावर 'टक्' पडला. 'ओंडाबाई' एवढं ऐकू येत होतं. धोंडाबाई? कोंडाबाई? गोंडाबाई?

'क', 'ट', 'प'सारख्या व्यंजनांचा स्फोट साधारण १० ते ३० मिलिसेकंदांचा असतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्याच्यामागून येणारा स्वर लांब असतो, त्याचा थोडा तुकडा गेला तरी कानाला कळत नाही. पण व्यंजनाचा तेवढाच तुकडा गेला की अक्षरच जातं.

मी आजीला विचारलं, "आजी, तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

ती म्हणाली, "आम्ही समदी तिला बय म्हणायचो. नाव कोण घेणार तिचं?"

"पण आत्ता ओवीत तू घेतलंस की."

"म्या? कुठलं?"

ती गंमत करत नव्हती. ते नाव तिच्या आठवणीत नाही, ओवीत आहे. ओवी जात्यात आहे. विचारून ते बाहेर येत नाही. आणि तीच ओवी परत कधी येईल याचा भरवसा नाही, कारण एका ओवीमागून कुठली दुसरी येते हे त्या दिवसावर ठरतं. कागदपत्रात त्या बाईचं नाव कुठेही नाही. जगात ते एकाच ठिकाणी होतं आणि तिथेच माझ्या लॅपटॉपनं दात लावला होता.

इथपर्यंत हा माझा रविवारचा छंद होता. त्या दिवसानंतर नाही.

*

मित्रांना विचारलं तर सगळ्यांचा एकच सल्ला, नवीन लॅपटॉप घे. हा सल्ला मला पटत नव्हता, आणि त्यामागे केवळ पैसे हे कारण नव्हतं. वर सांगितलेला हिशेब आठवा, सेकंदाला १,४४,००० बाइट. रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर शंभरातला सात-आठ टक्केच वापरला जात होता, डिस्क जवळपास रिकामी बसली होती. ज्याच्याकडे काम नाही असा नोकर आहे आणि तरी काम बिघडतंय. अशा वेळी दुसरा, जास्त पगाराचा नोकर ठेवून काय होणार?

मी एक चाचणी रचली. आजीला पुन्हा पुन्हा गायला लावणं शक्य नव्हतं. म्हणून दुसऱ्या फोनवर ४४० हर्ट्झचा एकच सूर लावून तो माइकसमोर ठेवला आणि दहा मिनिटं रेकॉर्ड केलं. मग त्याचं स्पेक्ट्रोग्रॅम उघडलं. स्पेक्ट्रोग्रॅम म्हणजे आवाजाचं चित्र. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर, खालचा जाड आणि वरचा बारीक. एकच सूर असेल तर एक आडवी सरळ रेघ दिसते. आणि आवाज जिथे तुटतो तिथे खालपासून वरपर्यंत एक बारीक उभी रेघ, कारण तुटण्याच्या क्षणी सगळेच सूर एकदम उसळतात.

पप्पा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांना 'टक्' ऐकू येत नाही. मी हेडफोन दिले होते, त्यांनी मान हलवली होती, "नीट तर आहे की." पण स्क्रीन बघितल्यावर ते खाली वाकले.

"हे काय कापड आहे काय?"

"कापड नाही पप्पा, आवाज आहे. ही उभी रेघ आहे ना, तिथे तुटतोय."

"किती किती अंतरावर?"

मी म्हटलं, मोजलं नाही.

"मोज की. कापडात दोष आला तर आम्ही आधी काय करतो? टेप लावतो. अंतर सारखं असलं तर मशीन. नसलं तर तार, नायतर माणूस."

याचा अर्थ त्यांनी नंतर समजावला. लूममध्ये चाकं असतात, दाते असतात. एका चाकाचा एक दाता झिजला तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला कापडावर एकदा खूण उमटते. दोन खुणांमधलं अंतर मोजलं की कुठलं चाक ते कळतं, लूम उघडायची गरज नाही. पण खुणा वाटेल तिथे असतील तर चाकांना हात लावण्यात अर्थ नाही. मग सूत कच्चं आहे, नाहीतर विणणाऱ्याचं लक्ष नाही.

मी मोजलं. ०:४१, १:४१, २:४१, ३:४१. बहुतेक रेघा साठ सेकंदांच्या अंतरावर होत्या. दोन-चार रेघा मात्र कुठेही, कशाही.

म्हणजे एक दोष मशीनचा आणि एक तारेचा. दोन वेगळे बिघाड एकाच आवाजात बोलत होते.

*

आता हे समजून घ्यायला लूमच्याच शेडमध्ये जाऊ.

साध्या यंत्रमागात धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्यात कांडी असते, कांडीवर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. ते काही मिनिटांत संपतं. विणणारा कामगार एकच लूम बघत नाही, सहा-आठ लूम बघतो. तो फिरत राहतो. इथली कांडी बदल, तिथली तुटलेली तार जोड, पुढे जा. त्याला फार जोरात धावायचं नसतं. त्याला फक्त प्रत्येक लूमची कांडी संपायच्या आत तिथे पोचायचं असतं.

समजा एका लूमवर बऱ्याच तारा एकदम तुटल्या आणि तो तिथे दहा मिनिटं अडकला. तेवढ्यात बाकीच्या लूमच्या कांड्या संपतात. दिवसभराचा हिशेब काढला तर त्या कामगाराला भरपूर मोकळा वेळ मिळालेला असेल. त्याचा उपयोग शून्य. कारण ज्या क्षणी तो हवा होता त्या क्षणी तो नव्हता.

प्रोसेसर म्हणजे तो कामगार. ऑडिओची कांडी म्हणजे बफर. माइककडून येणारे आकडे आधी बफरमध्ये जमा होतात, तो भरला की प्रोसेसरनं येऊन उचलायचे. इथे कांडी संपत नाही, उलट भरत जाते, पण मुद्दा तोच. वेळेत आला नाही तर पुढचे आकडे सांडतात. लूममध्ये आडवं सूत तुटलं तर एक काटा ते ओळखतो आणि लूम थांबतो. रेकॉर्डिंग थांबत नाही. सांडलेल्या आकड्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवून ते पुढे जातं. त्या जोडाचा आवाज म्हणजे 'टक्'.

माझ्या मित्राच्या सेटिंगमध्ये बफर १२८ आकड्यांचा होता. ४८,००० भागिले १२८ केलं तर प्रोसेसरला सेकंदाला ३७५ वेळा यायचं होतं, दर २.७ मिलिसेकंदांनी एकदा. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. तो गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकतो. बफर मोठा ठेवला तर तो आवाज उशिरा येतो आणि माणूस तालातून सुटतो. शिवाय त्याच्या कॉम्प्युटरवर दुसरं काहीच चालत नाही.

माझ्या लॅपटॉपवर कोण अडवत होतं ते शोधायला 'लेटन्सीमॉन' नावाचं सॉफ्टवेअर चालवलं. ते प्रोसेसर किती वापरला जातोय हे बघत नाही. कुठल्या ड्रायव्हरनं प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वेळ धरून ठेवलं, ते बघतं. ड्रायव्हर म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, टचपॅड यांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम. त्यांचं काम निघालं की प्रोसेसरला हातातलं सगळं टाकून आधी तिकडे जावं लागतं. यादीत सगळ्यात वर नेटवर्कशी संबंधित नाव होतं. वायफाय जोडलेलं असतानाही माझा लॅपटॉप साधारण मिनिटाला एकदा आसपास आणखी कुठली नेटवर्क आहेत ते चाचपत होता. त्या वेळी प्रोसेसर काही मिलिसेकंद तिथे अडकत होता. काही मिलिसेकंद म्हणजे २.७ पेक्षा जास्त.

वायफाय बंद केलं. पुन्हा दहा मिनिटांचा सूर. साठ सेकंदांच्या सगळ्या रेघा गेल्या.

इंजिनिअरिंगला 'ऑपरेटिंग सिस्टिम्स'चा पेपर होता. त्यात 'रिअल टाइम' म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर, असं एक वाक्य आम्ही दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला टेप लावायला सांगणाऱ्या माणसाकडून कळला.

*

उरलेल्या वाकड्यातिकड्या रेघांना वेळ लागला, कारण त्यांना अंतर नव्हतं. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दहा मिनिटांचा सूर पुन्हा रेकॉर्ड करायचा, एवढाच मार्ग. कंटाळवाणा आहे, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. जे सापडलं ते सांगते, कदाचित तुमच्याही कामी येईल.

चार्जर लावला की पाठीमागे घुमल्यासारखा आवाज यायचा. तो ५० हर्ट्झचा, आपल्या विजेचा. बॅटरीवर तो गेला. पण बॅटरीवर लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि वेग वरखाली होताना पुन्हा रेघा. म्हणून बॅटरी पूर्ण भरायची, चार्जर काढायचा आणि पॉवर सेटिंग सर्वांत वरच्या कामगिरीवर ठेवायचं. क्लाउडवर फाइल चढवणारं सॉफ्टवेअर थांबवायचं, कारण रेकॉर्डिंगची फाइल वाढताना दिसली की त्यालाही उत्साह येतो. डबा यूएसबी हबला न लावता थेट लॅपटॉपला लावायचा. डब्याचं आणि सॉफ्टवेअरचं माप दोन्हीकडे ४८,०००च ठेवायचं.

आणि बफर १,०२४ केला. म्हणजे २१ मिलिसेकंदांची सवड. आजीला हेडफोनमध्ये स्वतःला ऐकायचं नाही. मग थोडा उशीर झाला तर बिघडलं कुठे? कांडी मोठी घ्यावी.

खोलीचंही काम होतं. गोधड्या टांगल्या. माइक आजीपासून एका वितीवर आणला. अंतर निम्मं केलं की तिचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि लूमचा तेवढाच राहतो. जात्याची घरघर फरशीतून स्टँडमध्ये चढत होती. पप्पांनी सायकलची जुनी ट्यूब कापून स्टँडखाली घातली. "लूमखाली पण असलंच काहीतरी घालत्यात," म्हणाले.

मग दहा मिनिटांचा सूर. मग वीस मिनिटांचा. एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उभं काही नाही. पप्पा म्हणाले, "हां. आता पास."

*

पप्पांना 'टक्' ऐकू का येत नाही, हे घरात कुणी कधी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. लूमच्या शेडमध्ये आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. पप्पांच्या काळात आपल्याकडे कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल अशी होती. इथली पाळी बारा तासांची असते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाना कायद्याच्या अधिसूचित रोगांच्या यादीत होता. पण पत्र्याच्या छोट्या शेडला तो कायदा लागू व्हायचाच असं नाही.

हा बहिरेपणा सगळीकडून सारखा येत नाही. सुरुवात ४,००० हर्ट्झच्या आसपास होते. जाड आवाज ऐकू येत राहतात, बारीक आवाज जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' जातात. म्हणून अशा माणसाला आपण बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि घरचे म्हणतात, "लक्षच नसतं यांचं." कानाच्या आतल्या ज्या केसासारख्या पेशी मरतात त्या पुन्हा येत नाहीत. लॅपटॉपमध्ये सांडलेले आकडे आणि या पेशी, दोन्हींचं एकच. नंतर भरता येत नाही.

नवीन रेकॉर्डिंगच्या एका कॉपीवर मी २,००० ते ६,००० हर्ट्झचा भाग चढवला, एकूण आवाज बेताचाच ठेवला आणि पप्पांना हेडफोन दिले. ते पलंगावर बसले. आजी आत भाजी निवडत होती. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि एक पडदा. पप्पांनी पंचवीस मिनिटं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोप लागली.

फाइल संपली तेव्हा म्हणाले, "पुढचं कुठंय?"

"पुढचं अजून रेकॉर्ड नाही केलं."

"मग कर की. शुक्रवारी मला उठव."

पुढच्या शुक्रवारी ते आजीच्या समोर बसले, जात्याचा दुसरा हात धरून. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी ती ओवी परत आली. वाटेनं येणाऱ्या बाईसारखी, न सांगता. मी श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होते. नंतर तेवढा तुकडा शंभर वेळा ऐकला. 'क' स्पष्ट आहे. कोंडाबाई.

मूळ फाइलला हात लावायचा नाही असा नियम केलाय. तिच्यात जातं आहे, बांगड्या आहेत, लांबून रिक्षाही आहे. साफसूफ कॉपीवर. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवलीय. लॅपटॉपवर, एका वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि पुण्याच्या मावशीकडे.

*

पप्पा ज्या कारखान्यात शेवटी होते तिथले बारा साधे लूम आता निघणार आहेत. मालकाला रेपिअर बसवायचे आहेत, त्यात धोटाच नसतो. जुने लूम भंगारात, किलोच्या भावानं. धोटा नाही म्हणजे कांडी नाही, आणि पप्पांना जे येतं त्यातलं बरंचसं नाही.

एका रात्री जेवताना तेच म्हणाले, "तुझा तो डबा कारखान्यात चालेल का?"

आम्ही गेलो. तिथे अडचण उलटी होती. १०० डेसिबलला माइकचा आकडा वर जाऊन आपटतो आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. गेन जवळजवळ शून्यावर आणला, माइक वितीवरून चार हातांवर नेला. एकेका लूमचं पाच-पाच मिनिटं रेकॉर्डिंग. पप्पा प्रत्येक लूमच्या लाकडावर तळहात ठेवून उभे राहत होते. ऐकू येत नाही ते हाताला येतं. मग माझ्या कानाशी ओरडून सांगायचे आणि मी फाइलला नाव द्यायचे. 'तीन नंबर, पिकिंग ढिलं'. 'सात नंबर, धोटा पेटीत आपटतो'. 'नऊ नंबर, हा चांगला होता'.

घरी येऊन नऊ नंबरचं स्पेक्ट्रोग्रॅम उघडलं. स्क्रीनभर उभ्या रेघा, सेकंदाला दोनाहून थोड्या जास्त. पप्पांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि स्क्रीनला लावली. एक, दोन, तीन, चार. अंतर सारखं.

"मशीन आहे," म्हणाले, आणि पट्टी जागेवर ठेवली.